वाचनीय मसुद्याचा कैवार

शास्त्रीय विदेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींत अलीकडे एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याला मत म्हणण्यापेक्षा रूढी म्हणणेच यथार्थ ठरावे. ते मत असे: कोणत्याही शास्त्रातील विदेचा आराखडा, म्हणजे संगणकाच्या व्यवहारात ज्याला स्कीमा म्हणतात तो, दोन रूपांत नांदतो, एक रूप माणसाला वाचता येईल अशा साध्या मजकुराचे, दुसरे संस्थेने मान्य केलेल्या आणि यंत्राने तपासता येणाऱ्या अधिकृत फाइलीचे, पैकी दुसरे तेवढे प्रमाण, पहिले ही केवळ नवशिक्यांची सोय, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे काम निव्वळ कारकुनी असल्यामुळे ते एखाद्या लहानशा प्रोग्रॅमवर सोपवून विद्वानांनी आपल्या उद्योगाला लागावे. या मताचे पुरस्कर्ते बुद्धिमान आहेत आणि त्यांचा हेतूही निर्मळ आहे. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद त्रोटक असून चालणार नाही. माझे म्हणणे त्यांच्या नेमके उलट आहे. वाचनीय मसुदा हा अस्सल, अधिकृत फाइल ही त्याची मोहोरबंद नक्कल. नक्कल अवश्य असावी, ती यंत्राकडूनच करवून घ्यावी, परंतु तिची अस्सलाशी रुजुवात घातल्यावाचून आणि नक्कल करताना काय गळाले याचा शेरा मारल्यावाचून ती दप्तरी दाखल होऊ नये.

आक्षेपकांचा पहिला आधार यंत्राच्या तपासणीचा आहे, आणि तो वरवर पाहता भक्कम दिसतो. अधिकृत स्कीमा हाताशी असला, की कोणतीही फाइल त्याच्यासमोर ठेवावी आणि यंत्राने क्षणार्धात निकाल द्यावा: अमुक रकाना रिकामा आहे, तमुक ठिकाणी संख्येऐवजी अक्षरे आहेत, दिनांक विहित रूपात नाही. माणसाच्या डोळ्याला हे साधणार नाही, हे कबूल केलेच पाहिजे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या ग्रहविज्ञानविषयक दप्तराने, म्हणजे प्लॅनेटरी डेटा सिस्टमने, तिसऱ्या आवृत्तीतील साध्या मजकुराची लेबले सोडून चौथ्या आवृत्तीत एक्सएमएल स्वीकारले, त्यात या तपासणीची ओढ उघड दिसते. आपल्या चांद्रयान-२ ची विदाही याच चौथ्या आवृत्तीच्या नियमांनी सिद्ध होऊन अभ्यासकांच्या हाती येते. पण त्या व्यवस्थेत एकट्या स्कीमाने भागले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणता घटक कोठे यावा आणि त्याचा प्रकार कोणता, हे एक्सएमएल स्कीमा सांगतो. परंतु हा घटक अमुक असेल तर तो घटक तमुकच असला पाहिजे, अशा परस्परावलंबी अटी त्याला पेलत नाहीत, म्हणून त्याच्या जोडीला स्कीमाट्रॉन नावाची दुसरी नियमावली द्यावी लागली. नियमावल्या दोन झाल्या, तरी दोन्ही तपासतात ते रूपच. रकान्यात बसलेली संख्या खरोखर त्याच राशीची, त्याच मापाने मोजलेली आहे काय, याचा जबाब त्यांच्यापैकी कोणीच देऊ शकत नाही.

याचे उदाहरण शोधायला फार खटाटोप नको. मंगळापर्यंत जावे लागते, एवढेच. डिसेंबर १९९८ मध्ये निघालेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या वेळी गमावले गेले. यानावरील लहान इंजिनांच्या झोतांनी त्याला किती आवेग दिला, याची फाइल न्यूटन-सेकंदांत असावी असे फाइल पुरवणारे आणि ती वापरणारे या दोन्ही पक्षांतील विनिर्देशात नमूद होते. प्रत्यक्षात जमिनीवरील प्रोग्रॅमने आकडे लिहिले ते पौंड-बल-सेकंदांत, म्हणजे प्रत्येक परिणाम सुमारे ४.४५ पटीने कमी धरला गेला. येथवरची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील जो तपशील सहसा सांगितला जात नाही तो असा, की प्रवासाच्या पहिल्या चार महिन्यांत या फाइली मार्गनिर्धारणाच्या कामी वापरताच आल्या नाहीत, कारण त्यांच्या स्वरूपात दोष होते, आणि तेवढ्या काळात संबंधितांना ईमेलवर विसंबून राहावे लागले. पुढे स्वरूपाचे दोष दुरुस्त झाले, फाइल नियमात बसली, आणि त्या नियमात बसलेल्या फाइलीतून चुकीच्या मापाचे आकडे बिनदिक्कत पुढे गेले. ज्यांची अशी समजूत असेल की रूपाची तपासणी झाली म्हणजे अर्थाचीही झाली, त्यांनी चौकशी मंडळाचा अहवाल मुळातून वाचावा.

आक्षेपक येथे मला अडवतील आणि म्हणतील, की एककाचा नियम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला होताच. मग त्या वाचनीयतेने यान वाचवले काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याच पक्षाला बळ देणारे आहे. विनिर्देशाचा कागद एकीकडे होता आणि फाइल निर्माण करणारा प्रोग्रॅम दुसरीकडे. पहिल्यातून दुसरा निघालेला नव्हता, आणि दोहोंची रुजुवात घालण्याचे काम कोणाच्याच गळ्यात बांधलेले नव्हते. वाचनीय मजकुराला शोभेचा दर्जा दिला की तो शोभेपुरताच उपयोगी पडतो, यात नवल ते काय?

तेव्हा कोणत्या रूपातून कोणते रूप निघावे हा या वादाचा गाभा, आणि त्यावर प्रथिनांच्या रचनांचे जागतिक दप्तर असलेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या इतिहासाइतका बोलका दाखला मला दुसरा माहीत नाही. हे दप्तर १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाले, आणि त्या काळच्या छिद्रित पत्त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या फाइलीची प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची ठरली. अणूच्या क्रमांकाला पाच जागा, म्हणून एका फाइलीत ९९,९९९ च्या पुढे अणू नाहीत. साखळीच्या नावाला एकच जागा, म्हणून रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे आणि दहा अंक मिळून साखळ्या फार तर ६२. रायबोसोमसारख्या अवाढव्य रचना उलगडू लागल्या, तेव्हा एकाच रचनेचे तुकडे करून ते निरनिराळ्या फाइलींत ठेवण्याची पाळी आली. दरम्यान १९९१ साली सिडनी हॉल, फ्रँक ॲलन आणि डेव्हिड ब्राउन यांनी स्फटिकशास्त्रासाठी सीआयएफ नावाची पद्धती प्रसिद्ध केली होती, आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने तिचा अंगीकार केला होता, आणि महारेणूंसाठी तिचा विस्तार होऊन एमएमसीआयएफ तयार झाले होते. २०१४ मध्ये दप्तराने ते तुकडे एकत्र करून एकेका अखंड फाइलीत आणले ते याच नव्या पद्धतीच्या बळावर. आणि जुलै २०१९ पासून स्फटिकशास्त्रीय रीतीने उलगडलेली रचना दाखल करू इच्छिणाऱ्याला हेच स्वरूप सक्तीचे झाले.

या पद्धतीचे मर्म तिच्या कोशात आहे. प्रत्येक नोंदीचे नाव, ती कोणत्या वर्गात मोडते, तिचा प्रकार, तिचे एकक, तिच्या मूल्यांच्या मर्यादा, आणि ती म्हणजे काय हे सांगणारी सरळ वाक्ये, हे सारे त्या कोशात मजकूर म्हणून लिहिलेले असते. आणि विशेष हे, की तो कोशही विदेच्या फाइलीचे जे व्याकरण त्याच व्याकरणात लिहिलेला असतो. ज्या मजकुरावर स्फटिकशास्त्रज्ञ परस्परांशी हुज्जत घालतात, तोच मजकूर यंत्रही वाचते. मध्ये दुभाषी नाही. पुढे सर्वत्र एक्सएमएलचा बोलबाला झाला आणि त्या रूपाची मागणी होऊ लागली, तेव्हा दप्तराच्या चालकांपुढे दोन वाटा होत्या. एक्सएमएल स्कीमा नव्याने रचून त्यालाच प्रमाण ठरवावे आणि कोश संदर्भापुरता फळीवर ठेवावा, ही आजच्या आक्षेपकांची वाट. तिच्याकडे त्यांनी पाठ फिरवली. त्यांनी कोशातूनच यंत्राच्या साहाय्याने एक्सएमएल स्कीमा काढला, आणि पीडीबीएमएल या नावाने त्याचे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध केले. उद्या एखादी व्याख्या बदलायची झाली, तर ती बदलायची जागा एकच: कोश. अधिकृतपणाला त्यामुळे कोठे बाध आला, हे आक्षेपकांनी दाखवून द्यावे.

यावर एक चतुर उत्तर मिळते, आणि ते स्फटिकशास्त्रज्ञांच्याच तोंडून. जुनी पीडीबी फाइल डोळ्यांना किती सुबक दिसत असे, ओळीखाली ओळ, रकान्याखाली रकाना. नवी फाइल तिच्यापुढे अघळपघळ आणि शब्दबंबाळ. म्हणजे वाचनीय होते तेच टाकून दिले गेले, मग वाचनीयतेचा हा कैवार कशासाठी? येथे सुबकता आणि वाचनीयता यांची गल्लत आहे. जुन्या फाइलीत ३१ ते ३८ या जागांवर अणूचा क्ष-निर्देशांक असे, आणि २२ व्या जागेवर साखळीचे नाव. पण हे त्या फाइलीत कोठेही लिहिलेले नसे, ते पुस्तिकेतून पाठ करावे लागे, आणि एक अक्षर इकडचे तिकडे सरकले की संख्या बदलूनही फाइल तितकीच सुबक दिसे. नव्या फाइलीत प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्याचे नाव असते, आणि त्या नावाचा अर्थ कोशात असतो. वाचनीय त्याला म्हणावे, जे अपरिचित पण सुबुद्ध वाचकाला पाठांतराविना कळते.

आक्षेपकांचा दुसरा मुद्दा मात्र मला खरोखरीच वजनदार वाटतो. एकाच गोष्टीची दोन रूपे ठेवली, की कालांतराने त्यांच्यात विसंवाद उत्पन्न होतो. आज मसुद्यात दुरुस्ती झाली, फाइलीत राहून गेली. उद्या फाइलीत झाली, मसुद्याला पत्ता नाही. आणि दोन वर्षांनी खरे कोणते हे सांगायला कोणी उरलेले नसते. हे अक्षरशः खरे आहे, आणि ज्या दप्तरात दोन्ही रूपे हाताने सांभाळली जातात, तेथे याहून निराळे काही घडणारच नाही. परंतु यावरून दोहोंपैकी हाताने एकच लिहावे एवढेच सिद्ध होते. ते कोणते, हे सिद्ध होत नाही. त्याचा निर्णय करण्यासाठी रूपांतरात काय टिकते आणि काय गळते हे पाहिले पाहिजे, आणि हवामान व समुद्र यांच्या अभ्यासात सर्रास वापरले जाणारे नेटसीडीएफ हे स्वरूप त्या परीक्षेला फार सोयीचे आहे. अमेरिकेतील बोल्डर येथील युनिडाटा या संस्थेने ते घडवले, आणि त्याच्याबरोबरच सीडीएल नावाची एक साधी लेखनभाषाही दिली: तिच्यात परिमाणे, चल राशी आणि त्यांचे गुणधर्म मजकूर म्हणून लिहावेत, एनसीजेन या साधनाने त्यापासून द्विमान फाइल करावी, आणि एनसीडंप या साधनाने फाइलीतून पुन्हा मजकूर काढावा. जाण्यायेण्याची वाट इतकी आखीव असताना काम कारकुनीच की, असे कोणालाही वाटेल.

आता त्या वाटेने एकदा जाऊन परत यावे. काही खास सांगितले नाही, तर एनसीडंप साध्या अचूकतेच्या दशांश संख्या सात सार्थ अंकांत आणि दुहेरी अचूकतेच्या पंधरा अंकांत छापते. पण मूळ द्विमान संख्या शेवटच्या बिटापर्यंत जशीच्या तशी परत मिळण्याची हमी हवी असेल तर अनुक्रमे नऊ आणि सतरा अंक लागतात. म्हणजे विदा या मार्गाने नेऊन परत आणणाऱ्याने अचूकतेचा पर्याय स्वतः निवडला नाही, तर ती किंचित झिजून परत येते, आणि तसे झाल्याची वर्दी कोणी देत नाही. दुसरी गळती याहून गंभीर, आणि ती थेट आराखड्यातली आहे. सीडीएलमध्ये दोन तिरप्या रेघांनंतर टीप लिहिता येते. अमुक राशीची खालची मर्यादा शून्य का ठेवली, तमुक गुणधर्म का गाळला, अशी कारणे अभ्यासक तेथेच लिहून ठेवतो. एनसीजेन ती टीप वाचते आणि सोडून देते. द्विमान फाइलीत ती जात नाही, म्हणून फाइलीतून काढलेल्या मजकुरात ती परत येऊ शकत नाही. याएमएलमध्ये लिहिलेला आराखडा जेसनमध्ये नेला की तेथेही टिपा अशाच जातात, कारण जेसनच्या व्याकरणात टिपेला स्थानच नाही. अधिकृत फाइल हीच अस्सल आणि मसुदा टाकून द्यावा, असे म्हणणाऱ्यांनी काय टाकले जाते हे नीट पाहावे: नियम राहतात, नियमांमागची कारणे जातात. कारणावाचून राहिलेला नियम पुढच्या पिढीला बदलताही येत नाही आणि पाळतानाही धास्ती वाटते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. मोडी कागद बाळबोधीत उतरवणाऱ्याला ठाऊक असते, की मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ वेगळे राखले जात नाहीत. बाळबोधीत ते उतरवणाऱ्याने आपल्या विवेकाने घालायचे असतात, आणि बाळबोधीतून पुन्हा मोडीत जावे तर ते गळून पडतात. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाळबोधीत छापून निघाले, म्हणून पुण्याच्या दप्तरखान्यातील रुमाल रद्दीत काढावेत असे कोणी सुचवले नाही. आक्षेपक म्हणतील, तेथे तर दुर्बोध मोडीच अस्सल आणि सुबोध छापील प्रत ही नक्कल. दाखला उलटा पडला. मला तसे वाटत नाही. ज्या रूपात प्रथम विचार करून लिहिले गेले ते अस्सल, मग ते कोणाला सुबोध असो वा दुर्बोध. पेशव्यांच्या कारकुनाने विचार मोडीत केला, आणि आजचा शास्त्रज्ञ आपल्या विदेचा विचार कोनकंसांच्या जंजाळात करत नाही, तो वाक्यांत आणि कोष्टकांत करतो.

माझ्या बाजूने उभे राहणाऱ्या काही मंडळींशीही मला येथे दोन शब्द बोलायचे आहेत, कारण त्यांच्या उत्साहाने आमचाच पक्ष बदनाम होतो. त्यांच्या मते अधिकृत स्वरूपे हा नुसता जाच आहे. एक्सेलचा तक्ता सर्वांना वाचता येतो, तेवढा पुरे. जनुकशास्त्रज्ञांनी हा प्रयोग नकळत करून पाहिला. सेप्ट२, मार्च१ अशी जनुकांची नावे तक्त्यात लिहिताच त्या सोज्ज्वळ प्रोग्रॅमने त्यांचे दिनांक केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, एक्सेलच्या रूपात जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे दोष आढळले. आणि अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरणाची समिती शरण गेली आणि तिने सेप्टिन२, मार्चएफ१ अशी नावे बदलून घेतली. याएमएलही निर्दोष नाही. त्याच्या १.१ या आवृत्तीच्या नियमांनी नॉर्वे देशाचा दोन रोमन अक्षरी संकेत अवतरणचिन्हांवाचून लिहिला, तर तो ‘नाही’ या तार्किक मूल्यात रूपांतरित होतो. मजकूर डोळ्यांना वाचता येतो म्हणून तो काटेकोर आहे असे ठरत नाही, आणि मी ज्या मसुद्याचा कैवार घेतो त्याला व्याकरण असलेच पाहिजे.

राहिला तिसरा मुद्दा, की हल्ली फाइली कोणी वाचतच नाही. पडद्यावर चित्र दिसते, मजकूर हवा कोणाला? असे म्हणणाऱ्यांनी नारायणगावाजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे. तिच्या तीस अँटेनांनी टिपलेली निरीक्षणे एलटीए नावाच्या तिच्या स्वतःच्या स्वरूपात साठवली जात आली आहेत, आणि जगभरच्या खगोलशास्त्राचे मान्य स्वरूप आहे फिट्स. या दोहोंच्या मध्ये दोन साधने उभी आहेत. लिस्टस्कॅन हे पहिले साधन मूळ फाइल वाचून एक साधी मजकुराची यादी काढते. निरीक्षक ती उघडतो, वाचतो, नको ती निरीक्षणे वगळतो. मग ती दुरुस्त यादी जीव्हीफिट्स या दुसऱ्या साधनापुढे ठेवली, की ते तिच्याबरहुकूम फिट्स फाइल सिद्ध करते. मधली यादी काढून टाकता आली असती, कोणत्याही यंत्राने ती मागितली नव्हती. ती ठेवली गेली आहे, कारण त्या ठिकाणी माणसाने निर्णय घ्यायचा असतो.

आणि फिट्स तरी काय आहे? वेल्स, ग्रायसन आणि हार्टेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या या स्वरूपाचे शीर्षक साध्या मजकुरात असते: ऐंशी अक्षरांची एक ओळ, छत्तीस ओळींचा २,८८० बाइटांचा एक ठोकळा. ज्याच्याकडे खगोलशास्त्राचे कोणतेही साधन नाही, त्यालाही ती ओळ वाचता येते, आणि एकदा जी फाइल नियमात बसली ती पुढच्या कोणत्याही बदलाने नियमबाह्य ठरू नये, असे त्याच्या चालकांचे ब्रीद आहे. शतक पालटण्याच्या सुमारास दिनांकाच्या ओळीत वर्ष दोन अंकी असल्याची अडचण उभी राहिली, तेव्हा नवे चार अंकी रूप ठरवण्यात आले. पण जुने बाद झाले नाही, जुन्या रूपातील वर्ष विसाव्या शतकातलेच मानावे असा नियम मजकुरात लिहून टाकण्यात आला. आकाशाशी काडीचाही संबंध नसलेल्या व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा दीर्घकाळ जतन करण्यासाठी याच स्वरूपाची निवड केली. तेथील ग्रंथपाल शतकांच्या हिशेबाने विचार करतात. फाइली कोणी वाचत नाही असे त्यांना वाटले नसावे.

या सगळ्यामागे खरे तर एकच वृत्ती आहे, आणि ती ‘कारकुनी’ या शब्दाच्या उच्चारातील तुच्छतेत दडलेली आहे. काम हलके ठरवले की ते संस्थेतील सर्वांत नवख्या आणि सर्वांत अल्पमुदतीच्या माणसाकडे जाते. तो आपल्या समजुतीने रूपांतराचा प्रोग्रॅम लिहितो, ज्या नोंदीला पलीकडच्या रूपात जागा नाही ती निमूटपणे गाळतो, आणि मुदत संपल्यावर निघून जातो. हेच काम नीट केले म्हणजे कसे दिसते, हे पाहायचे तर पुन्हा प्रोटीन डेटा बँकेकडेच वळावे. ज्या रचना जुन्या ऐंशी अक्षरी स्वरूपात मावत नाहीत, त्या जुन्या प्रोग्रॅमवाल्यांसाठी ती संस्था लहान लहान फाइलींच्या गाठोड्याच्या रूपात देते. साखळ्यांची नावे एका अक्षरात बसवण्यासाठी बदलावी लागतात, आणि म्हणून त्या गाठोड्यात मजकुराची एक वेगळी फाइल घातलेली असते, जिच्यात कोणत्या साखळीचे अस्सलातील नाव काय आणि येथे काय, हे ओळीओळीने दिलेले असते. आक्षेपकांनी आपापल्या रूपांतराबरोबर असा एक जाबता जोडून द्यावा. मग ते काम कारकुनी की विद्वत्तेचे, यावर त्यांच्याशी वाद घालायला मी मोकळा आहे.